एका ओळीचा अजेंडा

सोमवारी सकाळी फौंड्रीची मीटिंग असायची. तोंडावर तिला सगळे ‘रिव्ह्यू’ म्हणत आणि पाठीमागे ‘पुराण’. मलरविळी गेली दोन वर्षं या पुराणाला न चुकता बसत होती आणि न चुकता डोकं जड करून बाहेर येत होती.

कोइंबतूरच्या त्या पंपांच्या कारखान्यात ती प्लॅनिंगची प्रमुख होती. कुठला पंप कधी तयार व्हायचा, कुठल्या लॉरीनं कुठं जायचा, ते तिनं ठरवायचं. पण तिचा निम्मा दिवस जायचा कुठल्या मीटिंगला कोण बसणार हे जुळवण्यात आणि उरलेला त्या मीटिंगांना बसण्यात. मग खरं काम करायचं ते सगळे घरी गेल्यावर, पंख्याच्या घरघरीत. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिची पाठ दुखायची, डोळे चुरचुरायचे, आणि घरी कुणी ‘दिवस कसा गेला’ विचारलं की तिला सांगण्यासारखं एकही काम आठवायचं नाही.

धाकटे मालक सबरीनाथन कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी तिला बोलावलं.

“मलर मॅडम, आपल्याकडे मीटिंगा फार होतात.”

“हो सर.”

“निम्म्या करायच्या. तो एआय असिस्टंट सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर बसवलाय, त्याच्याशी लोक फक्त पत्रं लिहून घ्यायला बोलतात. तुम्ही त्याला मीटिंगांच्या कामाला लावा. कोण हवं, कशासाठी हवं, किती वेळ हवं. याच्यावर बुधवारी एक मीटिंग लावू.”

शेजारी बसलेल्या हिशेबखात्याच्या मुत्तुकरुप्पननं खाली मान घालून हसू दाबलं. बाहेर आल्यावर म्हणाला, “अक्का, मीटिंगा कमी करायची मीटिंग. आता ती कमी करायची मीटिंग कधी आहे तेवढं सांगा, डबा उशिरा उघडायला बरं.”

“गप रे. माझ्या जिवावर आलंय.”

पण काम अंगावर पडलं की करायचं, हा तिचा स्वभाव. दुपारी जेवण झाल्यावर ती असिस्टंटपुढे बसली. ती इंग्रजी अक्षरांत तमिळ लिहायची, आणि तो तिच्या मुलीला येत नाही इतक्या शुद्ध तमिळमध्ये उत्तर द्यायचा. तिनं त्याला आधी माल पाठवण्याची रोजची मीटिंग दिली. त्यात अकरा माणसं बसायची आणि बोलायची तिघं. असिस्टंटनं विचारलं, बाकीच्यांना काय हवं असतं? तिनं विचार केला. बाकीच्यांना फक्त कळायला हवं असतं. मग त्यांना चार ओळींचा निरोप पुरे, असं तो म्हणाला. कुणी काय वाचून यायचं ते आदल्या दिवशी कळवा, तिघांनाच बोलवा, आणि उभ्यानं घ्या.

आधी लोक रुसले. आपल्याला बोलावलं नाही म्हणजे आपली किंमत उतरली. आठवडाभरानं त्यांच्या ध्यानात आलं की न बोलावण्यातच सुख आहे. मग ज्याला त्याला मलरविळीकडून सुटका हवी झाली. मुत्तुकरुप्पन तर जिन्यात गाठून विचारायचा, “अक्का, तुमच्या यंत्राला विचारा, मी कॉफी प्यायला येऊ की नको? माझा उद्देश स्पष्ट आहे.”

मीटिंगा खरोखरच कमी झाल्या. पण मोकळ्या झालेल्या वेळात दुसरं काम येऊन बसायचं, रिकाम्या खुर्चीत मांजर येऊन बसावं तसं. मलरविळी पूर्वीइतकीच दमायची. फरक एवढाच, की आता दमण्याचं कारण दाखवता यायचं.

असं करत करत गाडी सोमवारच्या मीटिंगपाशी आली.

फौंड्री म्हणजे कारखान्याचं मूळ. थोरल्या मालकांनी पहिल्या पंपाचं कवच तिथं स्वतःच्या हातानं ओतलं होतं. आता थोरले मालक नव्हते, भट्टी म्हातारी झाली होती, आणि तिच्यातून निघणारी कवचं बाहेरून आणलेल्या कवचांपेक्षा महाग पडत होती. हे साऱ्यांना ठाऊक होतं. तरी दर सोमवारी चर्चेचं गुऱ्हाळ चालायचं: वाळू ओली आली, वीज गेली, माल बाद किती झाला, पंखा कुठला लावावा. शेवटी धाकटे मालक घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, “बरं, पुढच्या सोमवारी बघू.” दोन वर्षं ते घोंगडं भिजत पडलं होतं.

आणि त्या टेबलाच्या टोकाला, पांढऱ्या शर्टाचं वरचं बटण लावून, किट्टुसामी बसायचे. फौंड्रीचे प्रमुख. साठीला टेकलेले, हातावर ठिणग्यांचे बारके डाग. मलरविळी शिकाऊ म्हणून लागली तेव्हा फौंड्रीत पाऊल टाकणारी ती पहिली बाई. लोक तिच्याकडे बघून कामं विसरायचे. किट्टुसामींनी तिला स्वतःशेजारी उभं केलं आणि ओरडून सांगितलं, “हिच्याकडे बघाल तर धातू पायावर सांडेल. बघा नाहीतर काम करा!” तेव्हापासून ते तिला ‘कण्णू’ म्हणायचे, घरच्या लेकीला म्हणावं तसं. फौंड्रीत त्यांच्या हाताखालची तीसेक माणसंही त्यांनी अशीच एकेक करून शिकवलेली. ‘बंद’ हा शब्द त्यांच्यापुढे काढायला कुणाची जीभ रेटत नव्हती. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? तिनं तर मुळीच नाही, असं मलरविळीनं स्वतःशी कधीचंच ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी दुपारी तिनं सोमवारच्या मीटिंगची जुनी टिपणं असिस्टंटला दिली आणि लिहिलं, ही मीटिंग छोटी कर.

त्यानं विचारलं, “या मीटिंगमध्ये कोणता निर्णय घ्यायचा आहे? तो घेण्याचा अधिकार कुणाला आहे?”

तिनं लिहिलं, “आढावा घ्यायचा आहे.”

“आढाव्यासाठी मीटिंगची गरज नाही, तो लिहून पाठवता येईल. पण या टिपणांत एकच प्रश्न निरनिराळ्या नावांनी पुढे ढकललेला दिसतो: फौंड्री चालू ठेवायची की बंद करायची. माझी समजूत चुकीची असू शकते. बरोबर असेल, तर तोच प्रश्न अजेंड्यावर सरळ लिहिणं बरं. आणि ज्यांच्यावर त्याचा थेट परिणाम होणार आहे, त्यांना अजेंडा हाती पडण्याआधी कुणीतरी समक्ष सांगायला हवं.”

मलरविळी उठली. खाली जाऊन कॉफी घेतली, ती निवेपर्यंत हातात धरून उभी राहिली. परत आली तरी ती वाक्यं तिथंच होती. तिला राग आला, पण कुणाचा ते कळेना. दोन वर्षं इतकी शहाणी माणसं तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती, आणि ज्याला भट्टीचा वासही माहीत नाही त्यानं टिपणं चाळून गोष्ट बोलून टाकली. खरं सांगायचं तर तिला थोडं बरंही वाटलं. कुणीतरी बोललं.

तिनं अजेंडा लिहिला. एकच ओळ: “फौंड्री बंद करायची की चालू ठेवायची, याचा निर्णय.” संध्याकाळी तो सबरीनाथनना दाखवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, डोळे चोळले.

“हे असं लिहायचं?”

“नाहीतर मीटिंगच घेऊ नये, सर.”

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, “ठीक आहे. किट्टुसामी अण्णांना कोण सांगणार?”

“मी सांगते,” ती म्हणाली. “त्यांच्याशी बोलले की मी तुम्हाला कळवते, मग अजेंडा पाठवा.”

शनिवारी किट्टुसामी रजेवर होते, रविवारी पोळ्ळाचीला मेहुण्याच्या मुलाचं लग्न होतं. तिनं दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. लग्नघरात कशाला. आनंदाची जागा, चारचौघांत माणूस उभा असेल. सोमवारी लवकर जाऊ, फौंड्रीतच गाठू, नीट बसून सांगू. असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली, आणि एकदा घातल्यावर ती समजूत इतकी सोयीची निघाली की सबरीनाथनना ‘अजून बोलले नाही’ एवढं कळवायचंही राहून गेलं.

रविवारी दुपारी धाकट्या मालकांनी, झालं असेल बोलणं असं समजून, अजेंडा सगळ्यांना धाडून दिला.

सोमवारी मलरविळी लवकर पोचली, पण तोवर उशीर झाला होता. किट्टुसामी मीटिंगच्या खोलीत येऊन बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर विभूती.

“अण्णा…” तिनं सुरुवात केली.

“बसा मॅडम,” ते म्हणाले. “वेळेवर सुरू करू. वेळ वाया घालवायचा नाही, असं लिहिलंय ना?”

मॅडम. ती बसली.

सबरीनाथननी ती ओळ वाचली. मुत्तुकरुप्पननं आकडे सांगितले, या वेळी आडवळणं न घेता, आणि सांगून झाल्यावर कागद उलटा करून ठेवला. कुणी वाळूचं नाव काढलं नाही, विजेचं काढलं नाही.

“अण्णा,” सबरीनाथन म्हणाले, “तुमचं मत हवंय.”

“बंद करा.”

त्यांच्या विरोधाला द्यायची उत्तरं प्रत्येकानं घरून तयार करून आणली होती, ती सगळ्यांजवळ तशीच राहिली.

“भट्टी थकलीय,” किट्टुसामी म्हणाले. “मागच्याच्या मागच्या पोंगलपासून मला ठाऊक आहे. दुरुस्तीवर दुरुस्ती करत राहिलात तर एखाद दिवशी कुणाचा तरी जीव घेईल. माझं मागणं एकच. माझ्या पोरांना मी सांगणार. फलकावर कागद चिकटवून नाही. आणि त्यांचं पुढे काय, हे ठरल्याशिवाय सांगणार नाही.”

“कबूल,” सबरीनाथन म्हणाले.

संपलं. दोन वर्षांचं पुराण, आणि कॉफीचा ट्रे दारातून आत आला तेव्हा मीटिंग आटोपलेली होती. तरी कुणी उठेना. सगळ्यांनी मुकाट्यानं कॉफी प्यायली. जाताना सबरीनाथन मलरविळीला हळूच म्हणाले, “इतकी नेमकी मीटिंग या कंपनीत आजवर झाली नसेल.” ते शाबासकी देत होते. तिला वाटलं, आत्ता कुणी जमिनीवर चटई टाकून दिली तर आपण इथंच आडवं व्हावं.

दुपारी ती फौंड्रीत गेली. त्या दिवसाचं ओतकाम संपून भट्टी बंद होती, साच्यांची रांग गार होत पडली होती. किट्टुसामी बाकावर बसून डब्यातला दहीभात खात होते. तिला बघून त्यांनी हातानं शेजारची जागा दाखवली.

“रागावलात, अण्णा?”

“रागावलो.” ते सावकाश घास चावत राहिले. “बंद करताय म्हणून नाही. मी लग्नात पानावर बसलो होतो. हातात रसम-भात. फोन वाजला, वाटलं, गावाकडून असेल. बघतो तर अजेंडा. वाचला. शेजारी मेहुणा विचारतोय, काय झालं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, ऑफिसची मीटिंग आहे. भात तसाच टाकून उठता येईना. लग्नाचं पान. सगळं खाल्लं. चव कशी होती ते विचारू नकोस.”

मलरविळीच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी सोमवारी सांगणार होते.”

“दोन वर्षं तुम्ही सगळे सोमवारीच सांगणार होता.” ते हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. “प्रत्येक रविवारी मला वाटायचं, उद्या सांगतील. बायको म्हणायची, झोपा. झोप कसली? सोमवारी जायचो, तुम्ही वाळूवर बोलायचात. मला वाटायचं, ओरडून सांगावं, बाबांनो, एकदाचं मारा! तुम्हाला वाटत होतं तुम्ही म्हाताऱ्याला सांभाळताय. तुम्ही स्वतःला सांभाळत होतात, कण्णू.”

“तुम्हीच का नाही बोललात मग?”

“पोरांना काय तोंड दाखवू? आमच्याच अण्णानं बंद केली म्हणाले असते.” डब्याचं झाकण त्यांनी दोनदा लावलं, दोनदा निघालं. “ती ओळ त्या यंत्रानं लिहिली म्हणतात. खरं?”

“त्यानं विचारलं. लिहिली मी.”

“आणि मला सांगायचं, हे नाही सांगितलं त्यानं?”

ती म्हणाली, “सांगितलं होतं. आधी समक्ष सांगा म्हणून. मीच फोन केला नाही.”

किट्टुसामींनी तिच्याकडे नीट पाहिलं. “हे बरं केलंस, खरं बोललीस ते,” ते म्हणाले आणि नळावर हात धुवायला उठले.

पुढचे काही आठवडे तिनं आजवर केली नव्हती अशी धावपळ केली. कुणाला जुळणी विभागात घेता येईल, कुणाला शिकवावं लागेल, अरसूरच्या बाजूला ज्या फौंड्रीतून आता कवचं येणार होती तिथं किती जण जाऊ शकतील. असिस्टंट पत्रांचे मसुदे करून द्यायचा, कुठला प्रश्न अजून उत्तराविना राहिलाय ते दाखवून द्यायचा. पण फोनवर समोरच्याची मनधरणी तिलाच करावी लागायची. अरसूरवाले माणसं घ्यायला तयार होईनात. त्यांना तरणी पोरं हवी होती. ती स्वतः तीनदा तिकडं जाऊन बसली. निम्म्याहून अधिक जणांची सोय लागली. सगळ्यांची नाही.

मग पोरांना सांगायचा दिवस ठरला. सबरीनाथनच्या मनात अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता. आधी थोरल्या मालकांचे जुने फोटो पडद्यावर, मग त्यांचं स्वतःचं भाषण, शेवटी दहा मिनिटं प्रश्न.

“नको, सर,” मलरविळी म्हणाली.

“का? नेटकं होईल.”

“नेटकं व्हायला नकोच. फोटो दाखवून माणसाला आधी रडवायचं आणि मग सांगायचं, हे मला जमणार नाही. पहिल्याच वाक्यात सांगायचं. आणि शेवटची वेळ लिहायची नाही. त्यांचं बोलून होईपर्यंत आपण बसायचं. तुम्ही पण.”

इतक्या वर्षांत ती त्यांना प्रथमच सरळ ‘नको’ म्हणाली होती. दोघांनाही ते नवीन होतं. सबरीनाथननी कॅलेंडर उघडलं, दुपारनंतरचं सगळं पुसलं, आणि म्हणाले, “ठीक आहे. बसतो.”

फौंड्रीतच जमले सगळे, साच्यांच्या पेट्या उलट्या घालून त्यांच्यावर. किट्टुसामी उभे राहिले आणि मलरविळी त्यांच्या शेजारी.

“भट्टी बंद होणार आहे,” किट्टुसामी म्हणाले. “दिवाळीच्या आधी. कुणाचं काय होणार ते ही मलर अम्मा प्रत्येकाला सांगेल. शिव्या द्यायच्या तर मला द्या, तिला नको.”

वेलुसामी नावाचा, साचे भरणारा जुना मोल्डर उठला. “अण्णा, शिव्या देऊन घसा बसेल, आणि कॉफी तर तुम्ही ठेवली नाही.”

थोडं हसू उठलं आणि लगेच विरलं. मग मात्र बांध फुटला. एकानं विचारलं, जुळणीत बसून काम करायचं म्हणजे बायकांचं काम ना? दुसरा म्हणाला, तुझ्या बायकोला विचार, ती बसून काय काय करते. एकाला पोरीचं लग्न काढायचं होतं. एक जण भिंतीकडे तोंड करून बसला तो शेवटपर्यंत वळला नाही. वेलुसामीची सोय झाली नव्हती. त्यानं ते तिच्या तोंडून ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, “मला वाटलंच होतं. गुडघे माझे मलाही ठेवून घेत नाहीत.” तो विनोद होता, पण कुणी हसलं नाही. सबरीनाथन कोपऱ्यात पेटीवर बसून होते. मध्येच एक जण त्यांना म्हणाला, “सर, तुमचे अप्पा असते तर बंद केली नसती.” ते म्हणाले, “नसती केली.” एवढंच.

तीच तीच गोष्ट लोक पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आणि ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. तिचा आवाज बसला. पत्र्याच्या फटींतून आलेलं ऊन सरकत सरकत भिंतीवर चढलं आणि नाहीसं झालं. कसलाही निर्णय झाला नाही. व्हायचाही नव्हता. हळूहळू माणसं उठली, कपडे झटकले, दोघं-तिघं मिळून फाटकाकडे निघाली. किट्टुसामी शेवटी बाहेर पडले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. नुसतं चप्पल घालता घालता तिच्या खांद्याचा आधार घेतला.

ठरल्याप्रमाणे दिवाळीच्या आधी भट्टी विझली. किट्टुसामी अन्नूरला आपल्या केळीच्या बागेत राहायला गेले. निरोपसमारंभ त्यांनी घेऊ दिला नाही. वेलुसामीला अरसूरवाल्यांनी शेवटी चार महिन्यांसाठी, नव्या पोरांना शिकवायला म्हणून ठेवून घेतलं, पुढचं पुढे. त्या दोन वर्षांच्या सोमवारांबद्दल कंपनीत कुणी अवाक्षर काढत नाही.

भट्टी विझली त्याच्या दुसऱ्या दिवशी मलरविळीनं रजा टाकली. सकाळी डोसे खाऊन ती आतल्या खोलीत आडवी झाली ती झोपलीच. उन्हं वर आली तरी तिची कूस बदलली नव्हती. बाहेर तिचा फोन वाजत राहिला. शेवटी सासूबाईंनी तो उचलला. ऑफिसमधलं कुणीतरी होतं, फार निकडीचं काम आहे म्हणत होतं.

सासूबाईंनी दाराच्या फटीतून आत डोकावून पाहिलं. सून तोंड उघडं टाकून घोरत होती.

“मॅडम मीटिंगमध्ये आहेत,” त्या म्हणाल्या, आणि आवाज होऊ न देता दार लोटून घेतलं.